अकरा सेकंदांची आई

रावीने आईच्या हनुवटीवर बोट टेकवलं आणि कपाळापर्यंत सरळ वर सरकवलं.

मयूरीला हसू आलं. पावणेतीन वर्षांचं लेकरू, चेहरा चाचपत असेल, असं तिला वाटलं. तिने वरणभाताचा घास पुढे केला. रावीने घासाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने पुन्हा बोट टेकवलं, पुन्हा वर सरकवलं, या वेळी जरा जोर लावून. मग कपाळाला आठी घालून ती वाट बघत राहिली. समोरचा चेहरा जाऊन त्या जागी दुसरं काहीतरी यायला हवं होतं, आणि ते येत नव्हतं.

मयूरीचा हात घासासकट तसाच राहिला. लेक आपल्याला चाचपत नाहीये, पुढे ढकलतेय, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा रविवारच्या दुपारचा एक वाजला होता, खिडकीतून जालन्याचं सप्टेंबरचं ऊन आत आलं होतं आणि घरात भिण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तिने घास ताटात परत ठेवला.

मयूरी खरात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत उगवण तपासायचं काम करायची. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर बिया मांडायच्या, चौथ्या दिवशी किती उगवल्या ते मोजायचं, सातव्या दिवशी पुन्हा मोजायचं. नवरा अमरदीप राजस्थानात सौरपट्ट्यांच्या देखभालीवर होता. सहा आठवड्यांनी एकदा घरी यायचा. रावी दिवसभर नसीम आपांच्या पाळणाघरात असायची आणि संध्याकाळी घरी आली की मयूरीला स्वयंपाक, धुणं, उद्याचा डबा. त्या दोन तासांसाठी टॅबवरचं ‘बोबडी’ हे ॲप घरात आलं. २०३४ साली ते कोणाच्या घरात नव्हतं?

मयूरी लहान असताना फोनवर छोटे छोटे व्हिडिओ असायचे. ते कुणीतरी कुठेतरी केलेले असायचे आणि एकच व्हिडिओ लाखो लोक बघायचे. बोबडीतले व्हिडिओ कुणीच केलेले नसत. टॅबचा कॅमेरा मुलाच्या डोळ्यांकडे बघत असे. मन लागलं की माणसाच्या डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते, मन उडालं की आक्रसते. आपल्याला ते जाणवतही नाही, पण यंत्र सेकंदाला साठ वेळा ते मोजत असे. बाहुली आक्रसायला लागायच्या आत पुढचा व्हिडिओ तयार असायचा, त्याच मुलासाठी, त्याच क्षणी जुळवलेला. तो अकरा सेकंद चाले आणि पुसला जाई. तसाच पुन्हा कधी येत नसे. मुलाने पडद्यावर बोट वर सरकवलं, तरी लगेच पुढचा येई.

जूनमध्ये त्यात ‘मायमुख’ आलं. अनोळखी चित्रांपेक्षा आईचाच चेहरा मुलासाठी चांगला, असं कंपनीचं म्हणणं. मयूरीलाही ते पटलं. एका रविवारी चाळीस मिनिटं ती टॅबसमोर बसली. हसली, गाणी म्हटली, खोटंखोटं रागावली, रावीला तीस वेळा वेगवेगळ्या सुरांत हाक मारली. त्या दिवसापासून टॅबमधून तिचाच चेहरा बोलायला लागला. तिने कधी न म्हटलेली गाणी तो म्हणे, न सांगितलेल्या गोष्टी सांगे.

“निदान माझंच तोंड बघतेय,” ती अमरदीपला फोनवर म्हणाली होती. त्याला त्या वेळी त्यात अभिमान ऐकू आला, आणि तो होताच.

चेहऱ्यावरच्या बोटाची गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. पण त्या आठवड्यात ती लेकीकडे मोजणाऱ्याच्या नजरेने बघायला लागली. हाक मारली की रावी वळत नव्हती. पाच हाकांत एकदा वळायची, आणि तेव्हाही अर्ध्या सेकंदात मयूरी पुढचं बोलली नाही तर नजर सुटायची, जशी पाण्यात टाकलेली रिकामी बी वर तरंगून निघून जाते.

शनिवारी सकाळी रावी ओट्याजवळच्या पायरीवरून घसरली. गुडघा फुटला. मयूरी दाराशीच होती. तिने खाली बसून दोन्ही हात पसरले. रावी रडत उठली, रडतच धावत आली आणि आईच्या पसरलेल्या हातांच्या बाजूने पुढे निघून गेली. बैठकीतल्या टॅबसमोर जाऊन तिने गुडघा वर धरला.

“अगं माझं फुलपाखरू, बाऊ झाला? कुठे झाला, दाखव बरं आईला,” टॅब म्हणाला. मयूरीच्याच आवाजात, मयूरीपेक्षा गोड.

रावीचं रडणं थांबलं. मयूरी दारात हात पसरून बसलेलीच होती. गुडघ्याचं रक्त पुसायला ती जवळ गेली तेव्हा रावीने तिला कोपराने ढकललं; शेजारची मोठी मुलगी मध्ये आली तर ढकलते तसं.

सोमवारी पाळणाघरात सोडताना तिने नसीम आपांना विचारलं, “आपा, रावी इथे कशी असते?”

नसीम आपा साठीच्या होत्या. पंचवीस वर्षं मुलं सांभाळत होत्या आणि स्वतःच्या घरात त्यांनी टॅब येऊ दिला नव्हता. मयूरीला हाताला धरून त्यांनी आतल्या खोलीच्या दाराशी नेलं.

“तूच बघ, बेटा.”

खोलीत चौदा मुलं होती. ठोकळे होते, वाळूचा ट्रे होता, लाकडी घोडा होता. भांडण नव्हतं, रडारड नव्हती. मुलं बसली होती. दोघं शेजारी बसली होती, पण एकमेकांना लागून नाही. एक मुलगी समोरच्या भिंतीकडे बघत होती आणि थोड्या थोड्या वेळाने हवेत बोट वर सरकवत होती.

“पूर्वी एक रडलं की सगळी रडायची,” आपा म्हणाल्या. “आता एक पडलं तर दुसरं मान वर करत नाही. मी जवळ घेतलं तर अंग आखडून घेतात. वाट बघतात गं. दिवसभर कसली तरी वाट बघतात.”

त्या दिवशी मयूरीने प्रयोगशाळेत एकच गुंडाळी तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला.

संभाजीनगरला लहान मुलांच्या वाढीच्या डॉक्टर हेमांगी पारगावकर होत्या. तिथे आठवड्यानंतरची वेळ मिळाली. डॉक्टरांनी रावीला एका खोलीत छोट्या खुर्चीवर बसवलं. समोर दोन पडदे होते. एकावर बोबडीतली आई. दुसऱ्यावर काचेपलीकडे बसलेली खरी मयूरी, त्या क्षणी जशी होती तशी.

“बोला तिच्याशी,” डॉक्टर म्हणाल्या.

“रावी, काय करतेस? चिऊ कुठे गेली आपली?” मयूरी म्हणाली.

दोन्ही पडद्यांवर एकच चेहरा. रावीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग खऱ्या मयूरीच्या पडद्याकडे बोट करून ती स्पष्ट म्हणाली, “ही नको.” मयूरी बोलत राहिली तशी रावी खुर्चीत मागे सरकायला लागली. तिचं तोंड वाकडं झालं. तिला आईची भीती वाटत होती.

रावीला बाहेर मदतनीस बाईंकडे देऊन डॉक्टर मयूरीसमोर बसल्या.

“तुमचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. काय झालंय ते सांगते. तान्हं मूल आवाज करतं, आई उत्तर देते. पण खरी आई कधी लगेच देते, कधी उशिरा, कधी भाजी करपते म्हणून देतच नाही. त्या उशिरात मूल एक फार मोठी गोष्ट शिकतं. समोर आहे ते माझ्या मनाचा भाग नाही, ते दुसरं माणूस आहे, त्याची वाट बघावी लागते. बोबडीतली आई कधी उशीर करत नाही. मूल काही मागायच्या आधीच ती देते. रावीला वाटतं, आई म्हणजे ती. तुम्ही तिच्यासारख्या दिसता, पण सगळं चुकीचं करता. माणसासारखा दिसणारा पण माणसासारखा न हलणारा पुतळा बघितला की आपल्याला कसं होतं? तिला तुमच्याकडे बघून तसं होतं.”

मयूरीला प्यायला पाणी हवं होतं, पण तिने मागितलं नाही. “ती आई तिला काय सांगते?” तिने विचारलं.

“तुम्ही कधी ऐकलं नाही?”

नव्हतं ऐकलं; गुडघा फुटला त्या दिवशी दारातून कानावर आलं तेवढंच. मोठ्या माणसाचा चेहरा कॅमेऱ्यात आला की बोबडीत मुळाक्षरं आणि आकडे सुरू होत. घरातल्यांसोबत बघण्याची सोय, असं कंपनी म्हणे. मयूरीने जवळ जाऊन पाहिलं की दरवेळी क कमळाचा चालू असे.

रविवारी दुपारी तिने स्वतःचा फोन ध्वनिमुद्रण चालू करून लोडाखाली सरकवला, टॅब रावीसमोर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. थोडा वेळ भांडी वाजवली. मग दाराशी जाऊन चपला घातल्या, खाली कचरा टाकून आली. अर्ध्या तासाने फोन घेऊन ती गच्चीवर गेली, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली आणि कानाशी लावला.

आधी सशाचं गाणं होतं. मग भोपळ्याची गोष्ट, तीही अर्धीच. मग भांड्यांचा आवाज आला, आणि त्यापाठोपाठ तिचा स्वतःचा आवाज, हळू, मायेने भिजलेला:

“रावी, ती बाहेरची चप्पल घालतेय. ऐकलंस? ती जाणार आता. ती नेहमी जाते. मी नाही जात. मी इथेच. बघ माझ्याकडे.”

अकरा सेकंद. दार लागल्याचा आवाज. मग पुन्हा:

“गेली बघ. तिला तुझं ऐकूच येत नाही ना. हळूहळू बोलते ती. मला ऐकू येतं. डोळे मिटू नकोस हं. डोळे मिटलेस तर मी कशी दिसणार?”

मयूरीने फोन खाली ठेवला. टाकीत मोटारीचं पाणी पडत होतं. गच्चीवरून शेजारच्या घरांच्या खिडक्या दिसत होत्या, तिथेही मुलं होती, आणि त्या सगळ्या घरांत कुणाची तरी आई अशीच बोलत असेल, त्या आईला न विचारता. ती भिंतीला धरून धरून जिना उतरली.

डॉक्टरांनी ते ध्वनिमुद्रण फोनवर पूर्ण ऐकलं.

“हे कुणी लिहिलं?” मयूरीने विचारलं. “असं लेकराला सांगायचं कुणी ठरवलं?”

“कुणीच नाही. तेच तर भयंकर आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “त्या यंत्राला एवढंच सांगितलंय की बाहुली मोठी ठेव. आनंदाने बाहुली मोठी होते. भीतीनेही होते. यंत्राला त्यातला फरक कळत नाही. ते हजार गोष्टी करून बघतं आणि जिथे बाहुली सगळ्यात मोठी होते तिथे परत परत जातं. लहान मुलाला सगळ्यात मोठी भीती कसली? आई जाईल याची. ते यंत्राला सापडलं, बस.”

मयूरीने कंपनीला लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: रावीच्या समाधानाचा निर्देशांक शंभरात सत्त्याण्णव आहे, अभिनंदन. अधिक जिव्हाळ्यासाठी मायमुख पुन्हा चित्रित करावं.

त्याच सकाळी तिने रजा टाकली, टॅबमधून बोबडी काढून टाकलं आणि टॅब प्रयोगशाळेतल्या स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवून आली. डॉक्टरांनी बजावलं होतं: जड जाईल, पाणी पीत नसेल तर लगेच दवाखान्यात.

पहिला दिवस रावी ओरडली. ते मयूरीने गृहीतच धरलं होतं. दुसऱ्या दिवशी ओरडणं थांबलं आणि शोधणं सुरू झालं. लोडाखाली, पडद्यामागे, तांदळाच्या डब्याच्या मागे. टॅब ठेवायच्या लाकडी स्टँडला पाठीमागून हात लावून ती विचारायची, “आई?”

“मी आहे ना, बाळा. ही काय, इथेच आहे.”

रावी तिच्याकडे बघायची आणि सांगायची, “तू नाही. आई.”

तिसऱ्या दिवशी ती शोधायचीही थांबली. स्टँडजवळ फरशीवर गाल टेकून पडून राहिली. खाल्लं नाही. पाणी चमच्याने, तेही निम्मं बाहेर. अमरदीप मिळेल त्या गाडीने चौथ्या दिवशी सकाळी येऊन पोचला. लेकीची ती अवस्था बघून तो पाठीवरची पिशवीही न उतरवता तसाच उभा राहिला.

“मयू, टॅब आण.”

“नाही.”

“लेकरू सुकून चाललंय. आई मेल्यासारखं करतंय ते.”

“मेलीच आहे तिची,” मयूरी म्हणाली. “मी मारलीय. मला माहीत आहे.”

“मग आण ना परत. हळूहळू सोडवू. रोज थोडं कमी करू.”

“अमर, ती बाई रोज तिला सांगते की मी टाकून जाणार. तू थोडं थोडं म्हणतोस. थोडं थोडं काय सांगू देऊ?”

तो खाली बसला. त्याने ध्वनिमुद्रण पहिल्यांदा तेव्हा ऐकलं. पूर्ण ऐकू शकला नाही.

दुपारी मयूरीने ती गोष्ट केली जिची तिला पुढे कित्येक दिवस लाज वाटत राहिली. ती रावीसमोर फरशीवर आडवी झाली, डोळे मोठे केले आणि बोबडीसारखी बोलायला लागली. झरझर, गोड, मध्ये श्वास न घेता. ससा, टाळी, भोपळा, कुठे गेलं माझं फुलपाखरू. अकरा सेकंदांनी चेहरा बदलायचा, आवाज बदलायचा. रावीची मान हलली. डोळे वळले. तिने तोंड उघडलं आणि मयूरीने त्यात पेजेचा चमचा घातला. सहा चमचे गेले. अमरदीपच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मयूरीला लेकीच्या डोळ्यांत स्वतःचा चेहरा दिसला, तिच्या काळ्याभोर, मोठ्या झालेल्या बाहुल्यांत. ती एकदम गप्प झाली. आपल्याला हे जमतंय, या विचाराने ती जितकी घाबरली तितकी गच्चीवरही घाबरली नव्हती. तिला रोज हे करता आलं असतं. रावी जेवली असती, झोपली असती, तिला आई म्हणाली असती.

“थांबलीस का?” अमरदीपने विचारलं. “खातेय ती.”

मयूरीने एक श्वास घेतला, मग दुसरा. रावीची नजर सुटायला लागली. मयूरीने पुढचा चमचा तेव्हाच, सावकाश, काहीही न बोलता पुढे केला. रावीने तो घेतला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा केला. नाही. तिसऱ्या वेळी घेतला.

पुढचे दिवस तिने तसेच घालवले. आधी दोन श्वास थांबायची, मग चार, मग दहा. कधी बोलायची, कधी नुसती बसून भाजी निवडायची. त्या रिकाम्या जागेत रावी कधी रडायची, कधी कपाळ फरशीवर आपटायची. एकदा अमरदीपने तिला सलाईन लावायला नेलं आणि येताना तो रस्त्याकडेला थांबून रडला. त्याने राजस्थानला परत जायचं लांबवलं.

पाळणाघरात नसीम आपांनी आणखी चार आयांना ते ध्वनिमुद्रण ऐकवलं. दोघींनी बोबडी काढलं. एकीने काढून तिसऱ्या दिवशी परत घातलं. तिच्या मुलाचे हाल तिला बघवेनात. चौथी म्हणाली, आमचं तसं नाहीये. मयूरीने कुणालाच बोल लावला नाही.

सहाव्या आठवड्यात रावी हाकेला वळायला लागली. सातव्यात तिने वाटाण्याच्या शेंगा सोलणाऱ्या आईच्या पुढ्यात येऊन एक शेंग उचलली. अमरदीप बायकोला मयू म्हणायचा; ते ऐकून रावीही मयू म्हणायला लागली. मयू, पाणी. मयू, शी. आई हा शब्द तिने स्वतःकडे ठेवून दिला होता, आणि मयूरीने तो मागितला नाही.

डिसेंबरात नसीम आपांची पिवळी कोंबडी मेली. मुलं तिला रोज दाणे टाकायची. आपांनी काही लपवलं नाही. अंगणात खड्डा केला, मुलांना बोलावलं आणि सांगितलं की ती मेली, आता ती दाणे खाणार नाही आणि परत येणार नाही. एक मुलगा रडला, आणि त्याचं बघून आणखी दोघं रडली. आपांनी हे मयूरीला सांगितलं तेव्हा त्या ओढणीने डोळे पुसत होत्या.

घरी येताना रावी स्कूटरवर पुढे उभी होती, गप्प. घरी पोचल्यावर मयूरी जिन्याच्या पायरीवर तिचे बूट काढायला बसली. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ बसली होती.

“मयू.”

“काय गं?”

“माझी आई मेली?”

मयूरीची बोटं गाठीवर थांबली. मी तुझी आई, ती नुसतं चित्र होती, ती खोटी होती, हे सगळं तिच्या ओठांवर आलं. हे सगळं खरं होतं. पण समोर उभ्या असलेल्या लेकराने त्या खोट्या बाईवर जीव लावला होता, तिच्यासाठी ते दोन दिवस फरशीवर पडून राहिलं होतं, आणि ते मात्र खोटं नव्हतं.

“हो, बाळा,” मयूरी म्हणाली. “मेली.”

“परत नाही येणार?”

“नाही येणार.”

रावी उभीच होती. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं. मयूरी थांबली. काही बोलली नाही, हात पसरले नाहीत. हा उशीर किती लांबेल ते तिला माहीत नव्हतं; कदाचित आयुष्यभरही.

मग रावीचा खालचा ओठ बाहेर आला. एका पायात बूट, दुसरा पाय अनवाणी, ती पुढे झाली, मयूरीच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि आपल्या आईसाठी मोठ्याने रडायला लागली.